कोजागरी, मसाला दूध आणि सरांचं भाषण

आमच्या वकील मंडळाची कोजागरी म्हटलं की बाकीच्यांना मसाला दूध आठवतं, मला सर आठवतात. स्वागत, अहवाल, हारतुरे व्हायचे तसे व्हायचे. सर उठून उभे राहिले की माझ्यासाठी कार्यक्रम सुरू व्हायचा.

आठवडाभर शिवाजीनगर कोर्टात दिवाणी दावे आणि रविवारी येरवड्याला मनोरुग्णालयात जाऊन रुग्णांशी, त्यांच्या घरच्यांशी बोलणं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्या टिपणवह्यांमधूनच पन्नाशीनंतर त्यांची पीएच.डी. झाली.

भाषणात ते आधी तीन कायद्यांची नावं सांगायचे. १९१२चा ल्युनसी अ‍ॅक्ट, म्हणजे वेड्यांचा कायदा. मग १९८७चा मानसिक आरोग्य कायदा, जो अमलात यायला १९९३ उजाडलं. आणि २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. तिथे थांबून म्हणायचे, "'सेवा' हा शब्द यायला एकशे पाच वर्षं लागली." मग एरवाडीची गोष्ट. तमिळनाडूत ऑगस्ट २००१मध्ये आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. अठ्ठावीस जण गेले. हे सांगताना सरांचा आवाज कधी चढला नाही, उलट इतका खाली यायचा की पुढची रांगसुद्धा वाकून ऐकायची. नव्या कायद्याने साखळदंड घालायलाच बंदी केली, हे त्यानंतर यायचं.

२०१८ची कोजागरी मी विसरणार नाही. त्याच वर्षी मे महिन्यात हा २०१७चा कायदा लागू झाला होता. सरांनी कलम ११५ मराठीत समजावलं: आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, तसं नव्हतं हे सिद्ध होत नाही तोवर त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारची. आमचे एक जुने कारकून तेव्हा दूध वाटत होते. काही वर्षांपूर्वी मुलगी दवाखान्यात असताना ३०९च्या, म्हणजे दंड संहितेतल्या आत्महत्येच्या प्रयत्नाच्या कलमाच्या, चौकशीसाठी त्यांना खेटे घालावे लागले होते. ते ट्रे धरून तसेच उभे राहिले. भाषण संपेपर्यंत दुधावर साय धरली होती. सरांनी खाली येऊन त्यातलाच एक पेला उचलला आणि सायीसकट प्यायले.

जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ३०९ गेलं. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. त्या वर्षी सर हे सांगणार म्हणून मी स्वतः फोन केले. साठ खुर्च्या मांडल्या, बावीस भरल्या. दूध उकळल्यावर मात्र मंडळी बरोबर आली. मला ते अजून लागतं.

राबणाऱ्यांची आठवण काढलीच पाहिजे. सतरंज्या घालणारे बाररूमचे शिपाईमामा, माइकवाला दादा, निमंत्रणं टाइप करणाऱ्या ताई, दूध आटवणाऱ्या दोघी वहिनी, चारोळी-केशर स्वखर्चाने आणणारे कोषाध्यक्ष, सरांना रिक्षाने नेणारी-आणणारी त्यांची ज्युनिअर. आणि गच्चीची किल्ली देणारे वॉचमनकाका! गेल्या वर्षी आभारात त्यांचं नाव माझ्याकडूनच राहिलं होतं. यंदा त्यांना पहिला पेला द्यायचा आहे.