उंबरठ्यापासून बसथांब्यापर्यंत

सुगम, म्हणजे अपंग व्यक्तींनाही सहज वापरता येईल अशा, इमारतीचा विचार बहुतेक आराखड्यांत रॅम्पपाशी सुरू होतो आणि लिफ्टपाशी संपतो, हे मला फार अपुरे वाटते. १:१२ उताराचा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढणारा, रॅम्प आणि व्हीलचेअर वळवण्यासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा ही केवळ सुरुवात आहे. स्नानगृहाचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे, कारण आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्या व्यक्तीच्याच अंगाला अडते आणि मदतीला आलेला माणूस बाहेरच खोळंबतो. आधाराचा दांडा पुढे कोणालाही लागू शकतो, म्हणून भिंत बांधतानाच ती तेवढी मजबूत करून ठेवावी.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील कलम १९ स्वतंत्रपणे जगण्याबरोबरच समाजात सामावून राहण्याचा हक्क मान्य करते, आणि माझ्या मते खरी कसोटी इथेच आहे. फाटकाबाहेरचा पदपथ रस्त्याला अलगद उतरत नसेल, बसथांब्यापर्यंतची वाट सलग नसेल, तर आतल्या सगळ्या सोयी असूनही माणूस घरातच अडकतो. सुगम घरे एकाच मजल्यावर एकवटण्यालाही माझा ठाम विरोध आहे. ती सर्व मजल्यांवर विखुरलेली असावीत, आणि शेजाऱ्यांकडे सहज जाता यावे, म्हणून इतर घरांची दारेही तितकीच रुंद असावीत.