मोटोथ्री चालू होती आणि स्टँड रिकामा होता

सप्टेंबर 2023 मध्ये मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकल शर्यतींची विश्वमालिका, पहिल्यांदा भारतात आली, तेव्हा मी पुण्याहून ग्रेटर नोएडाला गेलो. मोठ्या गाड्यांसाठी नाही, मोटोथ्रीसाठी, म्हणजे त्याच दिवशी आधी होणाऱ्या सगळ्यात छोट्या वर्गाच्या शर्यतीसाठी. ऑफिसात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे ती आधीची पोरासोरांची रेस ना?" त्या प्रश्नाचा राग अजून डोक्यात आहे, आणि रविवारी स्टँडमध्ये जे पाहिलं त्याने तो वाढलाच.

शुक्रवार प्रवासात गेला. संध्याकाळी हॉटेलवर पोचलो तर आधी ठरलेलं भाडं दुप्पट झालेलं. काउंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "रेस है ना सर." मी बॅग उचलली आणि परी चौकाच्या बाजूला दुसरी खोली शोधली. शनिवारी पावसाने मोटोजीपीची स्प्रिंट, म्हणजे छोटी शर्यत, उशिरा सुरू झाली.

रविवारचं ऊन मात्र भाजून काढणारं होतं. त्या उकाड्यामुळे नंतर मोटोजीपीच्या लॅप 24 वरून 21 केल्या, यावरून काय ते समजा. बुद्ध सर्किटवर लांब सरळ पट्टा संपून चौथं वळण येतं, तिथे माझी जागा होती. मोटोथ्रीचे रायडर ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या जागांवर, येत होते आणि माझ्या आजूबाजूच्या ओळीच्या ओळी रिकाम्या होत्या. तिकीट काढलेले लोक खाली सावलीत टोप्या, टीशर्ट घेत होते, कोल्ड्रिंकच्या रांगेत होते. कुणी म्हणे "मेन रेस साडेतीनला आहे." मेन रेस! विश्वविजेतेपदाचे गुण लागलेली, वीस ग्रां प्रींच्या मोसमातली ही पूर्ण शर्यत होती, आणि आपल्या देशात पहिल्यांदाच होत होती.

माझ्या शेजारी कोल्हापूरचा एक मेकॅनिक होता. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या बांधतो म्हणाला. ओळख अशी झाली नाहीच, त्याने थेट पाण्याची बाटली पुढे केली. "घे भावा, अजून तासभर हलायचं नाही इथनं." संबंध प्रवासात एवढा पाहुणचार दुसऱ्या कुणी केला नाही.

मोटोथ्रीच्या गाडीबद्दल थोडं सांगतो, कारण लोकांना वाटतं छोटी म्हणजे हळू. 2011 पर्यंत या वर्गाच्या जागी 125 सीसीचा टू-स्ट्रोक वर्ग होता. 2012 पासून 250 सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक. ताकद साधारण 60 अश्वशक्ती, म्हणजे रस्त्यावरच्या केटीएम आरसी 390 पेक्षा बरीच जास्त, आणि वजन तिच्या जवळपास निम्मं. गाडी आणि रायडर मिळून किमान 152 किलो भरावेत असा नियम आहे, म्हणून अगदी सडपातळ पोराच्या गाडीला वरून वजन लावावं लागतं. इटलीतल्या मुगेल्लोच्या सरळ पट्ट्यावर याच गाड्या ताशी 240 च्या वर जातात.

ताकद सगळ्यांची जवळजवळ सारखी, म्हणून एकटा पुढे निघून जाणं फार अवघड. पुढच्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहायचं आणि ब्रेक लावायच्या आधी बाहेर यायचं. आमच्या वळणावर हे प्रत्येक लॅपला दिसत होतं. आधी नुसता आवाज यायचा, मोठ्या गाड्यांसारखा छातीत बसणारा नाही, बारीक आणि चिरका. मग पट्ट्याच्या टोकाला घोळका दिसायचा. सगळे हनुवटी टाकीवर टेकवून, कोपरं आत घेऊन. एकदम सगळी डोकी वर यायची, छाती वाऱ्यात, आतला पाय पाय ठेवायच्या पेगवरून सुटून हवेत लोंबकळायचा, मागचं चाक जमिनीवरून उचललं जायचं आणि चौघे एका रेषेत वळणात घुसायचे. त्या चौघांतल्या दोघांना तिथे जागाच नसायची. तरी ते घुसायचे, आणि बाहेर पडताना क्रम बदललेला असायचा. कोल्हापूरकराने काही लॅप डोळे मिटून नुसते ऐकले. "कोण कुठं गिअर पाडतोय ते ऐक, मग कळतंय कोण घाबरलाय." मी ऐकायचा प्रयत्न केला. मला तेवढं जमलं नाही, पण त्याने एक गाडी वळणात जास्त वेग घेऊन येतेय म्हटलं आणि ती खरंच बाहेर सरकली.

लेपर्ड टीमचा जाउमे मासिया होंडावर जिंकला. दुसरा काइतो तोबा, तिसरा आयुमु सासाकी. दोन जपानी पोडियमवर, आणि पुढच्याच आठवड्यात शर्यत त्यांच्या घरी, मोतेगीला. तोबाच्या टीमचं नाव एसआयसी58. 2011 मध्ये मलेशियातल्या सेपांगला शर्यतीतल्या अपघातात गेलेल्या रायडर मार्को सिमोनचेल्लीचा नंबर 58 होता, आणि त्याचे वडील पाओलो सिमोनचेल्ली ही टीम चालवतात. मुलगा ज्या खेळात गेला त्याच खेळात हा माणूस दुसऱ्यांच्या मुलांना उभं करतो. तोबा दुसरा आला तेव्हा मी उभा राहून ओरडलो. मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं, "बसा ना काका, काय दिसत नाही." बघायला होते कोण, आम्ही पाचसहा जण!

त्या वर्षीच्या ग्रिडवर काय नव्हतं? कोलंबियाकडून खेळणारा दाव्हिद अलोन्सो 17 वर्षांचा होता आणि इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला 28 व्या जागेवरून निघून जिंकला होता. 2018 मध्ये सुपरस्पोर्ट 300 या वर्गाचं विजेतेपद घेऊन सोलो (साइडकार नसलेल्या) मोटारसायकल रोड रेसिंगमधली पहिली महिला विश्वविजेती ठरलेली आना कारास्को याच मोसमात मोटोथ्री चालवत होती. बहुतेक टीमच्या दोन-दोन गाड्या, पण बनवणारे खरे दोनच, होंडा आणि केटीएम. हुस्क्वार्ना, गॅसगॅस, सीएफमोटो ही नावं दिसायची, पण आतली गाडी केटीएमचीच. आणि केटीएमच्या रस्त्यावरच्या आरसी गाड्या बनतात आमच्या चाकणला! पुण्याच्या एका तरी माणसाला या वर्गाबद्दल आपुलकी वाटायला हवी होती.

पण सगळ्यांत जास्त खुपलं ते वेगळंच. महिंद्राचं नाव त्या दिवशी माझ्या आजूबाजूला कुणी काढलं नाही. मुंबईच्या या कंपनीने 2011 मध्ये 125 सीसीत पाऊल ठेवलं, मग मोटोथ्रीत स्वतःची गाडी उतरवली. 2013 मध्ये सेपांगला मिगेल ऑलिव्हेराने तिला पहिलं पोडियम दिलं. 2016 मध्ये नेदरलँड्समधल्या असेनला फ्रान्चेस्को बन्याया महिंद्रावर जिंकला. भारतीय नावाची गाडी, ग्रां प्रीत पहिली! 2017 नंतर महिंद्राने हा वर्ग सोडला. आणि आता तोच बन्याया, मोटोजीपीचा जगज्जेता म्हणून, दुपारी आमच्यासमोर डुकाटीवर आला तेव्हा भरलेला स्टँड त्याच्या नावाने ओरडत होता. शेजारच्या तरुणाला मी सांगितलं, हा पहिल्यांदा जिंकला तो भारतीय गाडीवर. त्याला खरं वाटेना, त्याने फोन काढून पाहिलं. बन्याया नंतर पडला आणि मार्को बेझेक्की जिंकला. पण तो तरुण शर्यत संपेपर्यंत मला महिंद्राबद्दल विचारत राहिला. चार लोकांना कुणी सांगितलं असतं तर मोटोथ्रीलाही स्टँड भरला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आपल्या देशात निम्मी जनता शंभर-सव्वाशे सीसीवर कामाला जाते. छोटं इंजिन आपल्याइतकं कुणाला कळत असेल? पिळून पिळून त्यातून वेग कसा काढायचा हे ज्या पोरांनी गॅरेजात पाहिलंय, त्यांनी मोटोथ्रीच्या वेळी रांगेत नव्हे, जागेवर असायला हवं होतं.

परतीचं विमान उशिरा सुटलं. मासिया पुढे कतारला त्या मोसमाचा विश्वविजेता झाला, सासाकी दुसरा.

2024 च्या कॅलेंडरवर भारत होता, मग नाव गळालं. आता जवळ म्हणजे सेपांग किंवा थायलंडमधलं बुरीराम. जाणार असाल तर सकाळी पहिल्या आवाजालाच जागेवर बसा, पाणी बरोबर ठेवा, आणि मोटोथ्री संपेपर्यंत कुणी "मेन रेस कधी?" विचारलं तर माझ्या वतीने त्याला जरा झापा.