आमची वाटचाल: रिपोर्टमधून ‘नॉर्मल’ काढताना

कोणाला कोणतं औषध किती सोसेल, हे जनुकांवरून सांगणारी आमची छोटी लॅब. सुरुवात तिघांनी केली. पहिल्या दोन वर्षांत कर्ज काढून मशीन घेतलं, डॉक्टरांकडे खेटे घातले आणि तयार पॅनेल, म्हणजे तपासायच्या जनुकांचा ठरलेला संच, विकत घेऊन रिपोर्ट दिले.

मग एका डॉक्टरांचा फोन आला. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधी त्यांनी आमच्याकडून त्यांच्या एका रुग्ण बाईंच्या टीपीएमटी जनुकाची (हे औषध शरीरात निकामी करण्यात याचा हात असतो) तपासणी करून घेतली होती. आम्ही ‘नॉर्मल’ लिहिलं होतं. पूर्ण डोस सुरू झाला आणि काही आठवड्यांत त्या बाईंच्या पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीखाली गेल्या, केस पुंजक्यांनी गळाले. त्या वाचल्या. आम्ही तपासणी पुन्हा केली, तिच्यात चूक नव्हती. मला तेच जास्त लागलं.

बिघाड एनयूडीटी१५ या दुसऱ्याच जनुकात होता. त्याचा अझाथायोप्रिनसारख्या औषधांशी असलेला संबंध २०१४ साली कोरियन रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला. पूर्व आशियाई आणि दक्षिण आशियाई लोकांत हा बदल बराच आढळतो, युरोपीय वंशाच्या लोकांत क्वचित. आमचं पॅनेल ज्यांच्या माहितीवर उभं होतं त्यांना ते पुरत होतं, या बाईंना पुरलं नाही.

मग वाचत गेलो. जनुक आणि आजार यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे, असं २०१६ च्या एका आढाव्यात निघालं. रक्त गोठू नये म्हणून देतात त्या वॉरफरिनचं तर आणखी वाईट: जनुकं पाहून डोस ठरवण्याची पद्धत २०१३ च्या एका अमेरिकन चाचणीत कृष्णवर्णीय रुग्णांना साध्या पद्धतीपेक्षाही कमी उपयोगी ठरली. उपचार ‘व्यक्तीनुसार’ म्हणायचे आणि ती व्यक्ती मात्र ठरावीक लोकांतलीच धरायची, हे मला आजही पटत नाही.

आम्ही जपून ठेवलेले जुने नमुने स्वखर्चाने पुन्हा तपासले आणि संबंधित डॉक्टरांना एकेक करून फोन केले. काही चिडले. रिपोर्टमधून ‘नॉर्मल’ हा शब्द काढला. आता काय तपासलं, काय नाही आणि ती माहिती कोणत्या लोकसमूहांवरून आली, हे पहिल्याच पानावर असतं. रिपोर्ट लांबला म्हणून दोन मोठे ग्राहक सोडून गेले.

‘अर्थ अनिश्चित’, म्हणजे जनुकात बदल दिसतो पण त्याने काय होतं ते माहीत नाही, हा शेरा आजही कमी अभ्यासलेल्या समाजांतल्या रुग्णांच्या वाट्याला जास्त येतो. अशा रिपोर्टांची वेगळी फाइल मी ठेवली आहे. नवा अभ्यास आला की ती आधी उघडतो, आणि एखाद्या बदलाचा अर्थ लागला की त्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवतो.