आमची वाटचाल : मॉल पाडायचा नाही, कापायचा

ओस पडलेला मॉल दिसला की बहुतेक सल्लागारांचं उत्तर ठरलेलं असतं : पाडा. आमची फर्म उलट कामावर उभी राहिली. सांगाडा धड असेल तर तो ठेवायचा, मधला भाग कापून उजेड आणायचा आणि इमारतीचं तोंड पार्किंगकडून स्टेशनकडे फिरवायचं. व्हिक्टर ग्रुएनने 1956 मध्ये अमेरिकेत एडिनाला साउथडेल उभारलं, तेव्हा त्याच्या मूळ आराखड्यात घरं, शाळा, दवाखाना, बाग सगळं होतं. बांधला गेला मॉल आणि भोवतीचं पार्किंग. राहून गेलेला भाग बांधणं, हेच आमचं काम.

मॉलचा मजला 60-70 मीटर खोल असतो. राहत्या खोलीला खिडकीपासून 7-8 मीटरपलीकडे उजेड पोचत नाही. म्हणून चौक कापावाच लागतो. आधी जीपीआरने, म्हणजे काँक्रीटच्या आत पाहणाऱ्या रडारने, स्लॅब स्कॅन करून सळया आणि केबल खडूने वर आखून घ्यायच्या. खालचे दोन मजले प्रॉप, म्हणजे तात्पुरते टेकू, लावून धरायचे. मग चारही कोपऱ्यांवर कोअर, म्हणजे आरपार गोल भोक, मारायचा, कारण गोल ब्लेड कोपऱ्यापुढे जातं आणि ठेवायच्या स्लॅबची सळई कापतं. हा कोअर टाळणारे बरेच भेटतात. 200 मिमी स्लॅबचं वजन चौरस मीटरला 500 किलो. दीड बाय दीडचा तुकडा सव्वाअकराशे किलोच्या आसपास जातो. तो आधी क्रेनला टांगायचा, शेवटचा काप नंतर. कडेचा नवा बीम ताकद धरेपर्यंत प्रॉपला हात लावायचा नाही.

हे सगळं ज्याला फालतू खर्च वाटलं, असा एक ठेकेदार आमच्या हातचं मोठं काम घेऊन गेला. दर आमच्या निम्मा. वायर सॉ, म्हणजे काँक्रीट कापणारी हिऱ्याची तार, नाही, स्कॅन नाही, थेट फोडणारा ब्रेकर. ब्रेकरच्या हादऱ्याने सळईभोवतालचं काँक्रीट सुटतं आणि ठेवायच्या भागातही तडे जातात. त्याहून वाईट म्हणजे तो स्लॅब पोस्ट-टेन्शन होता, म्हणजे आत ताणून ठेवलेल्या केबलचा, आणि त्या केबल अनबॉन्डेड, काँक्रीटला न चिकटलेल्या. अशी केबल एका जागी तुटली की तिचा ताण टोकापासून टोकापर्यंत, कॉलमांमधल्या सगळ्या गाळ्यांतून निघून जातो. कापायची तर आधी कापाच्या दोन्ही बाजूंना केबल धरणारे नवे अँकर बसवून ताण हळूहळू उतरवावा लागतो. त्याने ती तशीच तोडली. शेजारचे गाळे खाली बसले, काम थांबलं, मालकाने सगळ्यांची बिलं अडकवली, आमची आधीच्या तपासणीचीही. कर्जावर घेतलेला वायर सॉ जाण्याची वेळ आली. फाटकावरच्या फलकावर मात्र त्या ठेकेदाराचं नाव पुढे कितीतरी दिवस होतं.

त्या वेळी आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाने पुढच्या कामाची आगाऊ रक्कम देऊन मशीन वाचवलं. आजही त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, ‘‘स्कॅन झालं का?’’ त्यांचं काम आम्ही कधी मागे टाकत नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो. दुकानाच्या मजल्याला चौरस मीटरला साधारण 4 किलोन्यूटन लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचा भार, धरलेला असतो, घराला 2 पुरतो. म्हणून मधल्या मजल्यांवर घरं बसतात. गच्चीचं तसं नाही. तिथे चढवलेला प्रत्येक मजला पायापर्यंत तपासा. संडास-बाथरूमसाठी स्लॅब खाली घेऊन कोबा भरू नका. भिंतीवरचं कमोड लावा, पाइपांचा शाफ्ट कॉलमलगत न्या, मजल्याची उंची साधारण 5 मीटर असते. अँकर दुकानात, म्हणजे मॉलच्या टोकाच्या सर्वांत मोठ्या दुकानात, घरं कोंबण्यापेक्षा वाचनालय, दवाखाना, वर्ग द्या. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या हायलँड मॉलमध्ये जेसीपेनी या मोठ्या दुकानाच्या जागी कम्युनिटी कॉलेजने 2014 मध्ये अभ्यास केंद्र सुरू केलं. अशा वापराला खोल मजल्याची घरांइतकी अडचण होत नाही.

स्टेशनची वाट सर्वांत आधी बांधा. स्टेशन 300 मीटरवर असून उन्हातान्हात पार्किंग तुडवत यावं लागलं तर माणूस गाडीच काढतो. वाट सरळ, सावलीची, दोन्ही बाजूंना उघडी दुकानं असलेली हवी. चढ 1:12 पेक्षा तीव्र नको. बसथांबा फलाटाच्या दारात, मागच्या अंगणात नाही.

आणि पार्किंगला हात लावण्याआधी अँकर दुकानाचा जुना करार ओळ न ओळ वाचा. गाड्यांच्या जागा कमी करायला त्यांची लेखी संमती लागेल, असं कलम त्यात बहुधा असतं. ती संमती हातात पडेपर्यंत मशीन साइटवर नेऊ नका.