डावं म्हणजे कुणाचं डावं?

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरकडची अभियांत्रिकीची मुलं-मुली शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करताना हा प्रश्न हमखास विचारतात: “सीटीच्या डायकॉम फाइलमधून, म्हणजे स्कॅनची चित्रं ज्या ठरलेल्या पद्धतीनं साठवतात त्या फाइलमधून, गाठीची जागा काढली, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, तर गाठ भलत्याच बाजूला दिसते. एक्सला उणे चिन्ह लावलं की जागेवर आल्यासारखी वाटते. चालेल ना?”

नाही चालणार. तुम्ही विचारलंत म्हणून कारण नीट सांगणं भाग आहे, कारण या एका उणे चिन्हापायी डाव्या मूत्रपिंडाची गाठ उजव्या मूत्रपिंडात दिसू शकते.

पैठणचं जायकवाडी धरण डोळ्यांपुढे आणा. डावा कालवा जालना-परभणीकडे २०८ किलोमीटर जातो, उजवा बीडकडे १३२ किलोमीटर. धरणाच्या खालच्या अंगाला भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं, तर डावा कालवा आपल्या उजव्या हाताला येतो. तरी त्याला कुणी उजवा म्हणत नाही. कालव्याचं डावं-उजवं गोदावरीच्या वाहण्याच्या दिशेवरून ठरलेलं आहे. डायकॉममध्येही डावं-उजवं रुग्णावरून ठरतं, पडद्यासमोर बसलेल्या माणसावरून नाही. एक्स वाढतो रुग्णाच्या डावीकडे, वाय पाठीकडे, झेड डोक्याकडे. याला एलपीएस (लेफ्ट, पोस्टीरियर, सुपीरियर) म्हणतात. आयटीके हा वैद्यकीय चित्रांवर काम करणारा तयार कोडसंग्रहही एलपीएसच पाळतो. निफ्टी ही स्कॅनची दुसरी फाइल-पद्धत आणि थ्रीडी स्लायसर हे चित्रं पाहण्याचं सॉफ्टवेअर, यांचा आतला हिशोब मात्र आरएएस (राइट, अँटीरियर, सुपीरियर) आहे: एक्स उजवीकडे, वाय पुढे छाती-पोटाकडे, झेड डोक्याकडेच.

आता एक बिंदू घेऊ. एका आडव्या कापाच्या (स्लाइसच्या) पहिल्या पिक्सेलची जागा (−१२०, −१५०, ४०) मिलिमीटर आहे, पिक्सेलमधलं अंतर दोन्हीकडे ०.५ मिलिमीटर आहे आणि दिशा सरळ आहेत. गाठ १०० व्या स्तंभात आणि २०० व्या ओळीत आहे, मोजणी शून्यापासून. एक्स येतो −१२० + १०० × ०.५ = −७०, वाय येतो −१५० + २०० × ०.५ = −५०. म्हणजे एलपीएसमध्ये (−७०, −५०, ४०): मूळबिंदूपासून ७० मिलिमीटर उजवीकडे, ५० मिलिमीटर पुढे. हीच जागा आरएएसमध्ये (७०, ५०, ४०) होते. चिन्ह दोन अक्षांचं बदललं. दोन अक्ष उलटले की ते उभ्या अक्षाभोवती १८० अंशांचं फिरवणं होतं. एकच उलटला की आरसा होतो. तुमचं एकटं उणे चिन्ह म्हणजे आरसा. गाठ मूळबिंदूच्या पुढे-मागे फारशी नसेल, तर वायची चूक दिसतच नाही आणि एक्स सुधारल्याचं समाधान तेवढं मिळतं.

जबड्याचा साचा एसटीएल फाइलवरून थ्रीडी प्रिंटरवर छापून त्यावर हाडाला लावायची धातूची पट्टी वाकवायची असेल, तेव्हा हा फरक फार महागात पडतो. फिरलेला साचा हातात घेतला की तो जबडाच असतो, फक्त सीटीवर ठेवला तर जागा चुकते. आरशातला साचा मात्र दुसऱ्याच बाजूचा जबडा असतो आणि त्यावर वाकवलेली पट्टी रुग्णाला बसत नाही. म्हणून रूपांतराच्या मॅट्रिक्सचा निश्चयक (डिटरमिनंट) काढून पाहा: उणे आला तर कुठेतरी आरसा शिरला आहे. अधिक आला म्हणून सगळं बरोबर, असं मात्र समजू नका, कारण १८० अंशांच्या चुकीचा निश्चयकही अधिकच असतो.

खरं काम दारातच करायचं असतं. आपल्या प्रोग्रॅमच्या आत एकच पद्धत ठरवा, शक्यतो एलपीएस. फाइल वाचताना एकदा रूपांतर, लिहिताना एकदा. मध्ये कुठेही, चित्र उलटं दिसलं म्हणून उणे चिन्ह टाकायचं नाही. चलाला (व्हेरिएबलला) नुसतं ‘पॉइंट’ असं नाव देऊ नका, नावातच एलपीएस किंवा आरएएस लिहा. पडद्यावर आकडा दाखवताना ‘−७०’ ऐवजी ‘उजवीकडे ७०’ असं दाखवलं तर डॉक्टर चूक एका नजरेत पकडतात.

वाचतानाच्या खाचखळग्यांत सर्वात फसवी जोडी आहे ती ओळ-स्तंभाची. पिक्सेलच्या अंतराचे दोन आकडे येतात, त्यांतला पहिला ओळींमधल्या उभ्या अंतराचा, दुसरा स्तंभांमधल्या आडव्या अंतराचा. दिशेचे सहा आकडे मात्र आधी ओळीच्या दिशेचे, म्हणजे स्तंभ-क्रमांक वाढतो त्या दिशेचे, तीन आणि मग स्तंभाच्या दिशेचे तीन. त्यामुळे पहिलं अंतर दुसऱ्या दिशेला गुणायचं असतं. सिम्पलआयटीकेमध्ये, म्हणजे आयटीकेच्या सोप्या रूपात, बिंदू (१००, २००, १५) असेल, तर पायथॉनमधल्या नमपायच्या अ‍ॅरेमध्ये तोच [१५, २००, १००] होतो. सीटीचा काप बहुधा ५१२ × ५१२ आणि पिक्सेल चौरस असल्यानं अदलाबदल झाली तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही. म्हणून चाचणीसाठी २० × ३० × ४० असा वेडावाकडा ठोकळा आणि तिन्हीकडे वेगवेगळी अंतरं घ्या.

कापांचा क्रम फाइलच्या नावावरून लावू नका. दिशेच्या दोन सदिशांचा सदिश गुणाकार करा, त्या लंबावर प्रत्येक कापाच्या जागेचा बिंदुगुणाकार घ्या आणि त्या आकड्यानं क्रम लावा. लागोपाठच्या आकड्यांतला फरक हेच खरं अंतर. काप ५ मिलिमीटर जाडीचा असूनही दर २.५ मिलिमीटरवर घेतलेला असू शकतो. जाडी वापरली तर यकृत दुप्पट उंच होतं. शिवाय डायकॉममधली जागा पहिल्या पिक्सेलच्या मध्याची असते, कोपऱ्याची नव्हे. कोपरा धरला तर ५ मिलिमीटर अंतराच्या कापांत सगळं २.५ मिलिमीटरनं सरकतं.

रुग्णाला पाय आधी ठेवून आत घेतलं असेल तर पुन्हा उलटवायचं का, असंही विचारतात. नाही. जागा आणि दिशा रुग्णाच्या अक्षांवरच लिहिलेल्या असतात, झोपवण्याची पद्धत त्यांत आधीच धरलेली असते.

दोन चित्रं जुळवणाऱ्या मॅट्रिक्सलाही हाच नियम, पण तिथे एका बाजूनं चिन्ह बदलून भागत नाही. एलपीएसमधला मॅट्रिक्स आरएएसमध्ये नेताना उणे-उणे-अधिकचा कर्णमॅट्रिक्स दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. आयटीकेचं रूपांतर स्थिर चित्रातल्या (ज्याच्याशी जुळवायचं त्यातल्या) बिंदूवरून हलत्या चित्रातल्या (जे जुळवायचं त्यातल्या) बिंदूकडे जातं, हेही लक्षात असू द्या. तुम्हाला हलत्या चित्रातले बिंदू स्थिर चित्राकडे न्यायचे असतील तर व्यस्त मॅट्रिक्स लागतो.

चाचणी म्हणून फाइल लिहून परत वाचली आणि तेच आकडे आले, तर तो पुरावा धरू नका. दोन वेळा केलेली तीच चूक स्वतःला पुसून टाकते. वर सांगितलेल्या ठोकळ्यात एकच व्होक्सेल (त्रिमितीतला पिक्सेल) उजळ ठेवा, त्याची जागा कागदावर हातानं काढा, आणि फाइल थ्रीडी स्लायसरमध्ये व आयटीके-स्नॅपमध्ये उघडून ताडून पाहा. एमआरआयमध्ये खात्री हवी असेल तर स्कॅनच्या आधी उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटपट्टीनं लावतात. ती तेलकट असल्यानं उजळ दिसते. यकृत कुठल्या बाजूला आहे एवढ्यावर विसंबू नका, काही थोड्या माणसांचे अवयव जन्मतःच उलट्या बाजूला असतात.

निफ्टीच्या आधीच्या जुन्या अ‍ॅनालाइझ फाइली, किंवा ज्या निफ्टीत क्यूफॉर्म आणि एसफॉर्म या जागा-दिशा सांगणाऱ्या दोन्ही नोंदींचे कोड शून्य आहेत, त्यांच्यात डावं-उजवं विश्वासानं लिहिलेलंच नसतं. अशा वेळी मूळ डायकॉम मागवा. ते मिळालं नाही आणि चित्रात कॅप्सूलसारखी खूणही नसेल, तर त्या रुग्णाच्या नोंदीवर ‘बाजू अनिश्चित’ लिहा आणि डाव्या-उजव्याच्या कुठल्याही तक्त्यात तो आकडा धरू नका.