साखळी सोडायची राहून गेली

सांगलीत पावसाळ्याच्या दिवसांत दोन माणसे भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे विचारले जाते. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. त्या पुरात मागे राहिलेली काही कुत्री बाहेर काढण्याच्या आणि त्यांतली अकरा मिरजेतल्या आमच्या घरी महिनाभर सांभाळण्याच्या कामात मी होते. इतकी वर्षे त्याविषयी लिहिले नाही, कारण सुरुवातीला लिहिले असते तर ते कुत्री टाकून गेलेल्या माणसांविरुद्धचे आरोपपत्र झाले असते.

त्या वेळी माझ्याइतकाच राग सोबतच्या सगळ्यांना होता. पाण्याने वेढलेल्या गच्चीवर भुंकणारे, ग्रीलला बांधलेले कुत्रे पाहिले की पहिला प्रश्न तोच येतो: टीव्ही वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायला सुचले, आणि हे सुचले नाही? पण पुढे महिनाभर त्या घरांतल्या लोकांशी बोलणे झाले आणि उलगडत गेले ते निराळेच. सांगलीच्या जुन्या गावभागातल्या कितीतरी घरांत २००५ च्या पुराची खूण भिंतीवर जपलेली होती. कोणाकडे तिसरी पायरी, कोणाकडे खिडकीची चौकट. तो आजवरचा मोठा पूर, त्याच्या वर पाणी जाणार नाही, असा सगळ्यांचा हिशेब होता. त्या हिशेबाने लोकांनी सामान माळ्यावर टाकले, कुत्र्याला जिन्यात किंवा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बांधले, समोर भाताची परात ठेवली आणि दोन दिवसांत परतू म्हणून ते नातेवाइकांकडे गेले. नदीने २००५ ची खूण रातोरात ओलांडली, वीज गेली, फोन बंद पडले आणि परतीचा रस्ताच उरला नाही.

जे घरातच थांबले होते त्यांना बोटीने काढावे लागले, आणि बोटीत कुत्र्याला जागा नव्हती. यात बोटवाल्यांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून अनेक जीव गेले. त्या बातमीनंतर प्रत्येक बोटीत माणसे मोजून घेतली जात होती. कडेवर मूल, हातात औषधांची पिशवी आणि शेजारी म्हातारी सासू असताना पायाशी थरथरणारे कुत्रे ‘राहू दे आता’ या तीन शब्दांत मागे राहते. रबरी बोटीत नखे लागून हवा गेली तर काय, ही भीतीही खोटी नव्हती.

आम्हाला बोट मिळाली ती माणसांचे काम हलके झाल्यावर, पाणी उतरायला लागण्याच्या सुमारास. एका तालमीच्या पोरांची बोट होती ती. त्यांतल्या दोघांना कुत्र्यांची सवय होती, बाकीचे घाबरत होते आणि ते बरेच झाले, कारण घाबरणारा माणूस घाई करत नाही. पहिल्या फेरीत आमची चूक झाली. इंजिनाचा आवाज करत आम्ही थेट एका पत्र्याच्या छपराला भिडलो आणि तिथे दोन दिवस टिकून राहिलेल्या कुत्रीने घाबरून पाण्यात उडी मारली. ती पोहत दुसऱ्या गच्चीवर गेली, नशीब. त्यानंतर वीस-पंचवीस हातांवरून इंजिन बंद करायचे, वल्ह्याने जवळ जायचे आणि कुत्र्याकडे पाठ करून पाच मिनिटे नुसते बसायचे, असे ठरवून टाकले. उपाशी कुत्रेही लगेच जवळ येत नाही. ते आधी वास घेते, मग मागे सरते, आणि आपण वळून पाहिले नाही तर पुन्हा पुढे येते. चावण्याचा धोका असेल तर तोंडाला गॉजची पट्टी बांधायची आणि अंगावर पोते टाकून उचलायचे. मानगूट धरून ओढायचे नाही. मला स्वतःला एकच चावा मिळाला, आणि त्यापायी रेबीजच्या लसीच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून पाळाव्या लागल्या.

खंड्या याच फेऱ्यांत सापडला. रंगाने करडा, एक कान मोडलेला, साधा गावठी कुत्रा. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत लोखंडी गजाला चारेक फुटांच्या साखळीने बांधलेला. पाणी त्याच्या कोपरापर्यंत होते आणि ओल्या भिंतीवरच्या रेघेवरून कळत होते की आदल्या दिवशी ते छातीच्याही वर असणार. साखळी आखूड असल्याने त्याला बसताच आले नव्हते. तो भुंकत नव्हता. पक्कड घेऊन कडी तोडेपर्यंत हलला नाही, आणि तोडल्यावरही तिथेच उभा राहिला, जणू साखळी अजून आहे. सतत पाण्यात राहून त्याच्या पायांचे तळवे पांढरे पडून सोलवटले होते. त्याला मी उचलून बोटीत ठेवले तेव्हा त्याने माझ्या मांडीवर डोके टेकवले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच गल्लीत पुढच्या घरात बांधलेले एक कुत्रे मात्र आम्हाला जिवंत मिळाले नाही, आणि त्याचीही साखळी तेवढीच होती.

नदीकाठचा शेतकरी जनावरांच्या बाबतीत ही चूक सहसा करत नाही. गुरे हलवता आली नाहीत तर निदान त्यांची दावी सोडायची, हे तिकडे पिढ्यांचे शहाणपण आहे. मोकळे जनावर पोहत कुठेतरी टेकाड गाठते. शहरात कुत्रे पाळणाऱ्या आपल्यासारख्यांकडे हे शहाणपण आलेले नाही. आपण कुलूप लावतो, गॅस बंद करतो, मेन स्विच पाडतो आणि साखळी सोडायची राहून जाते.

घरी आणल्यावर खरे काम सुरू झाले. उपाशी जिवाला पोटभर घालावेसे वाटते, आणि तेच घातक असते. तीन-चार दिवस पोट रिकामे असलेल्या कुत्र्याला एकदम भरपूर खाऊ घातले तर शरीरातल्या क्षारांचा तोल ढासळून ते दगावू शकते. म्हणून पहिले दोन दिवस पातळ भात, उकडलेल्या कोंबडीचे पाणी, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पाण्याखाली असल्यामुळे बाजारात दुधापासून सगळ्याचीच टंचाई होती, त्यामुळे दूध घालावे की नाही हा वाद आपोआप मिटला. आमच्या सासूबाईंना कुत्र्यांचे वावडे. पण ज्वारीच्या कण्या शिजवून, मीठ न घालता, थंड करून पातेले मागच्या दारी ठेवण्याचे काम त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतले. ‘देवाला नैवेद्य दाखवल्यासारखं बघत बसतात मेली,’ एवढीच त्यांची तक्रार.

पुराच्या पाण्यातून येणारा मोठा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून जंतू पाण्यात उतरतात आणि पायांच्या चिरांमधून अंगात शिरतात. हा आजार कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. त्यामुळे कुत्र्यांच्या जागेची साफसफाई हातमोजे आणि गमबूट घालूनच करायची, असा नियम केला, आणि डोळ्यांचा पांढरा भाग व हिरड्या पिवळ्या दिसतात का, हे मी रोज सकाळी एकेकाचे ओठ उलटून पाहत असे. नव्या कुत्र्याला चौदा दिवस बाकीच्यांपासून वेगळे ठेवायचे, हे डॉक्टरांनी बजावले होते. आमच्याकडे जागा होती तीन खोल्या आणि एक वऱ्हांडा. मग पलंग उभे करून, पडदे लावून, जिन्याखाली पुठ्ठे बांधून वेगळेपणाचे नाटक उभे केले. ते पुरले नाही. दोन पिलांना पार्व्हो हा संसर्गजन्य आजार झाला. रक्ताची हगवण सुरू झाली, सलाईन लावले, एक वाचले आणि एक चौथ्या रात्री गेले. तोवर आम्ही फरशी फिनेलने पुसत होतो. पार्व्होचा विषाणू फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीचिंग पावडरचे द्रावण लागते आणि ते काही मिनिटे ओले राहू द्यावे लागते, हे मला पिलू गेल्यावर कळले.

खंड्या जमिनीवर झोपत नसे. आल्या दिवसापासून तो जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसला. जेवायला खाली येई, जेवण झाले की वर. पावसाची सर आली की उठून उभा राही, आणि सर थांबेपर्यंत उभाच. इतर कुत्री आठवड्याभरात सरावली, हा नाही.

त्याच्या मालकीणबाई सापडल्या त्या मिरजेतल्याच एका शाळेतल्या निवारा केंद्रात. कुत्र्याचे फोटो घेऊन मी वर्गावर्गांतून फिरत होते. माझ्या मनात तोवर वाक्ये तयार होती. त्या काकू पन्नाशीच्या, घरोघरी पोळ्या करणाऱ्या. नवऱ्याचे डायलिसिस चालू होते. पाणी चढले त्या दिवशी त्याची पाळी चुकली होती आणि पहिल्या बोटीने त्याला दवाखान्यात नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. फोटो हातात घेऊन त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मोकळा सोडला असता तर बोटीमागनं पोहत आला असता ओ ताई. धार केवढी होती. म्हणून मीच बांधला. वरच्या मजल्यावर पाणी येतंय होय, म्हटलं.”

माझी तयार वाक्ये तिथेच संपली. ज्या साखळीने तो मरायला टेकला होता ती त्याला वाचवण्यासाठी बांधलेली होती. काकूंचा अंदाज चुकला, पण पुराचा अंदाज त्या दिवसांत कोणाचा बरोबर आला होता?

घरी नेण्यासारखे घर त्यांच्याकडे ऑक्टोबरपर्यंत नव्हते. मधल्या काळात त्या आठवड्यातून दोनदा येत, खंड्याला भाकरी घालत आणि जिन्याच्या पायरीवर त्याच्याशेजारी बसून निघून जात. बाकीच्या दहांपैकी चार पाळीव होती. एका लॅब्राडोरसाठी मला पुण्या-मुंबईहून इतके फोन आले की अखेरीस मी उचलणे बंद केले. गावठ्यांसाठी फोन आले नाहीत. गल्लीतली जी कुत्री होती, ती आम्ही त्यांच्याच गल्लीत परत सोडली. नसबंदी केलेले कुत्रे त्याच्या मूळ जागीच सोडावे असे भटक्या कुत्र्यांविषयीचे तेव्हा लागू असलेले २००१ चे नियम सांगत होते. त्यामागचे कारण आमच्या कामालाही लागू होते: अनोळखी गल्लीत नवे कुत्रे सोडले तर तिथली कुत्री त्याला जगू देत नाहीत. फक्त गाळ उपसला जाऊन घरे नांदती होईपर्यंत आणि खाणावळी, चहाच्या गाड्या पुन्हा सुरू होईपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यांना खायला कोण घालणार, हा प्रश्न उरतो. म्हणून गणपती होईपर्यंत आम्ही रोज संध्याकाळी स्कूटरवर पातेले बांधून चार गल्ल्यांत फिरत होतो.

पुढे पंचनामे झाले. मदतीच्या निकषांत गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कोंबडी येतात. कुत्रे येत नाही. मला भरपाई नको आहे आणि कोणाला मिळावी असेही म्हणणे नाही. पण ज्याची कुठेच नोंद होत नाही, त्याला बोटीत किती जागा लागेल याचाही विचार आधी होत नाही. अमेरिकेत २००५ च्या ऑगस्टमध्ये, आमच्याकडचा त्या वर्षीचा पूर ओसरल्यानंतर, कतरिना वादळ आले. तिथेही कितीतरी माणसे कुत्र्या-मांजरांना सोडून निघायला तयार नव्हती, आणि पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला की संघराज्याची आपत्ती मदत हवी असेल तर स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय धरावी लागेल. जे कुत्र्याला सोडून निघत नाहीत त्यांना दुसऱ्यांदा काढायला बोट पाठवावी लागते, तेव्हा हा सगळा विषय निव्वळ भूतदयेचा आहे असे मला वाटत नाही.

जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली. ४० फुटांची बातमी आली त्याच दिवशी दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली. काकू उतरल्या, एका हातात कपड्यांचे बोचके, दुसऱ्या हातात जुन्या साडीची दोरी, आणि दोरीच्या टोकाला खंड्या. नवरा वर्षापूर्वी गेला होता. रिक्षावाल्याने कुत्र्याचे वीस रुपये जास्त घेतले म्हणून त्या त्याच्याशी रस्त्यातच भांडत होत्या. त्यांच्या हातून दोरी सुटली तसा खंड्या माझ्या पायाशी घुटमळलाही नाही. सरळ घरात शिरला, जिना चढला आणि वरच्या पायरीवर जाऊन बसला.