आमची वाटचाल : सांडपाण्यातील नत्र आणि आमचा वाळूजचा कारखाना

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही सांडपाणी प्रकल्पांसाठी जिवाणूंचे कल्चर (वाढवलेले जिवंत जिवाणू) तयार करू लागलो, तेव्हा बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) उतरला की काम झाले असे बहुतेक कारखानदार मानत आणि अमोनियाची, म्हणजे पाण्यातील नत्राच्या एका रूपाची, चौकशीही करत नसत. सुरुवातीची वर्षे सुरळीत गेली.

२०१६ च्या दुष्काळात उद्योगांच्या पाण्यात कपात झाली, सांडपाणी दाट झाले, अमोनिया वाढला, आणि नेमके तेव्हाच एका स्पर्धकाने आठवड्यात अमोनिया घालवण्याची हमी देत निम्म्या दराची पावडर बाजारात आणली. आमचे द्रव कल्चरचे जड कॅन नाकारून ग्राहक त्या हलक्या पिशव्यांकडे वळले, शेडचे भाडे थकले आणि कामगारांचे पगार लांबले. कोरड्या पावडरीत तग धरतात ते बॅसिलस या जिवाणूचे बीजाणू (कोरड्यातही जिवंत राहणारे सुप्त रूप), आणि ते सेंद्रिय भार कमी करतात; परंतु अमोनियाचे नायट्राइट करणारा नायट्रोसोमोनास किंवा नायट्राइटचे नायट्रेट करणारा नायट्रोबॅक्टर बीजाणू बनवतच नाही, हे आम्ही सांगत राहिलो आणि कोणी ऐकले नाही, याची खंत आजही आहे.

ऐकले ते फक्त जालन्याजवळ दूध प्रकल्प चालवणाऱ्या काकांनी. त्यांच्या टाकीवर आम्ही ब्युरेट आणि डीओ मीटर (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारे यंत्र) घेऊन बसलो, तेव्हा दोष जिवाणूंचा नसून अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) संपल्याचा निघाला, कारण एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी आणि ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. सोडा घालून सामू सावरताच नायट्रेट तयार होऊ लागले, पण त्या रूपात नत्र पाण्यातच राहिला. शिवाय दूधवाहिन्या धुण्याच्या नायट्रिक आम्लातूनही नायट्रेट येतच होते, म्हणून दुसऱ्या टाकीचा हवा सोडणारा ब्लोअर बंद करून आम्ही फक्त मिक्सर चालू ठेवला आणि जिवाणूंचे खाद्य म्हणून साखर कारखान्यातील मळी (मोलॅसिस) थोडी थोडी सोडली. विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली गेला की स्यूडोमोनास आणि पॅराकोकस हे जिवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजनवर जगतात व नत्र वायुरूपात हवेत जातो. खर्च झालेली निम्मी अल्कलिनिटीही परत मिळते, त्यामुळे काकांचा सोड्याचा खर्च घटला.

एक लिटरचा मोजपात्र-सिलिंडर मात्र प्रत्येक ऑपरेटरने हाताशी ठेवावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात टाकीतील पाणी भरून ठेवल्यावर अर्ध्या तासात बसलेला गाळ नंतर बुडबुड्यांसह वर आला, तर तो गाळ मेला असे समजून फेकू नये. तळाशी नत्रवायू तयार होत आहे, म्हणून क्लॅरिफायरमधील (गाळ बसवण्याच्या टाकीतील) गाळ लवकर परत फिरवावा. काळ्या जमिनीत पाणी साचल्यावर पिकाला दिलेल्या युरियाचा बराच नत्र याच क्रियेने उडून जातो, तेव्हा शेतकऱ्यांनीही आधी पाण्याचा निचरा करावा आणि मगच खताचा हप्ता द्यावा.